पावसाळ्यात पोट काढणाऱ्या भिंती : मॉडेल रेल्वेच्या इमारतींचा दरवर्षीचा आजार

किनारपट्टीवर मॉडेल रेल्वेचा लेआउट (रूळ, इमारती, डोंगर मांडलेला छोटा देखावा) असलेल्यांची तक्रार ठरलेली असते. मे महिन्यात गुण्या लावून बसवलेली स्टेशनची इमारत ऑगस्टमध्ये वेडीवाकडी दिसते. गोंद बदलून पुन्हा चिकटवली, तरी पुढच्या पावसाळ्यात तेच. खालची तपासणी एचओ म्हणजे १:८७ प्रमाणातल्या पुठ्ठा, एमडीएफ (लाकडाच्या धाग्यांची दाबलेली पाटी) आणि पातळ प्लायच्या इमारती धरून लिहिली आहे. एन प्रमाणातही (१:१६०) हेच लागू आहे, फक्त तिथे भिंती पातळ असल्यामुळे बाक लवकर येतो.

लक्षणं

- लांब भिंत मधोमध आत किंवा बाहेर फुगते. पट्टी लावली की मधे किंवा टोकांना फट दिसते.
- कोपऱ्याचा सांधा वरून उघडतो, खाली मात्र घट्ट असतो.
- जोत्याखाली उजेड दिसतो, म्हणजे इमारतीचं एखादं टोक बेसबोर्डवरून, म्हणजे लेआउटच्या खालच्या पाटीवरून, उचललेलं असतं.
- आढं मधे बसतं, कौलांची ओळ लाटेसारखी होते, पागोळीची कड सरळ राहत नाही.
- एमडीएफची कड जाडजूड होते आणि तिच्यावरचा रंग खवल्यांसारखा सुटतो.
- खिडकीच्या पारदर्शक शीटवर आतून पांढुरकी धूळ बसते.
- आतल्या बाजूला राखाडी-हिरवे ठिपके, कुबट वास.

पहिली चार लक्षणं एकत्र असतील तर कारण बहुधा एकच असतं. बहुतेक जण गोंदाला दोष देतात, पण गोंद क्वचितच दोषी असतो. दोष असतो भिंतीच्या मागच्या कोऱ्या बाजूचा. जांभ्याच्या दर्शनी भागावर प्रायमर, रंग, छटा, मॅट वार्निश असे चार-पाच थर बसतात. आतली बाजू कुणी बघत नाही म्हणून ती तशीच सोडली जाते. कोऱ्या बाजूने पुठ्ठा हवेतली ओल पितो आणि फुगतो, रंगवलेली बाजू मात्र आहे तेवढीच राहते. दोन बाजूंची लांबी वेगळी झाली की भिंतीला वाकण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि वाकणारी भिंत कोपरा ओढून काढते.

१. बाक कुठल्या दिशेला आहे ते पाहा (खर्च शून्य)

स्टीलची पट्टी भिंतीच्या बाहेरच्या बाजूला आडवी धरा. पट्टीची टोकं टेकली आणि मधे फट राहिली, तर पोट आत गेलं आहे. म्हणजे आतली बाजू कोरी आहे, नेहमीचा प्रकार. पट्टी मधे टेकली आणि टोकांना फट राहिली, तर पोट बाहेर आलं आहे. त्याची दोन कारणं असतात. एक, आतून पूर्ण भिंतीवर चिकटपट्टी किंवा प्लॅस्टिक शीट लावलेली असते आणि बाहेर नुसता पोस्टर कलर असतो, त्यामुळे ओल बाहेरून शिरते. दुसरं, आतली फरशी किंवा छताची पाटी फुगून भिंतींना बाहेर ढकलते.

दुसरं कारण ओळखायला छप्पर काढून बाजूला ठेवा आणि एक रात्र थांबा. भिंत सरळ झाली तर दोष छताचा. छप्पर चिकटवून टाकलेलं असेल तर ही तपासणी करताच येत नाही, म्हणून किनाऱ्यावरच्या इमारतींचं छप्पर कधीही कायमचं चिकटवू नये.

तिसरा प्रकार पिळाचा. भिंतीचा एक कोपरा पुढे आणि समोरचा मागे गेला असेल तर तो ओलीच्या बाजूचा प्रश्न नसून पुठ्ठ्याच्या धाग्याचा किंवा खालच्या बोर्डचा असतो. त्याबद्दल पुढे.

किती बाक चालतो? १५० मि.मी. लांबीत अर्धा मि.मी. दुर्लक्ष करण्याजोगा आहे. डोळ्याला तो दिसत नाही, आणि जांभ्याच्या जुन्या भिंती तरी कुठे ओळंब्यात असतात! एक ते दोन मि.मी. असेल तर दुरुस्ती होते. तीन मि.मी.च्या वर गेला तर ती भिंत नवी कापणं स्वस्त पडतं.

२. सुटलेला सांधा भिंगाखाली पाहा (खर्च शून्य)

कोपरा सुटला असेल तर दोन्ही पृष्ठभाग नीट पाहा. गोंदाचा चकचकीत पापुद्रा एकाच बाजूला पूर्ण राहिला आणि दुसरी बाजू स्वच्छ असेल, तर गोंद धरलाच नव्हता. बहुधा आधी रंगवलेल्या किंवा सीलर (छिद्रं बुजवणारा थर) लावलेल्या कडेवर पांढरा गोंद लावलेला असतो. त्याला शिरायला धागे मिळत नाहीत. सांध्याची जागा पॉलिश पेपरने कोरी करून पुन्हा चिकटवा.

दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे तुटलेले धागे दिसले तर गोंदाने आपलं काम चोख केलं आहे. पुठ्ठाच फाटला, कारण भिंतीने जोर लावला. इथे अधिक ताकदीचा गोंद घालून काही साधत नाही. पुढच्या वेळी फाट सांध्याऐवजी त्याच्या शेजारी पडते.

गोंद पांढरा, मऊ, रबरासारखा लागला तर तो ओल प्यायला आहे. साधा पांढरा लाकूडगोंद पाण्याच्या आधाराचा असतो आणि सतत ओलीत पुन्हा मऊ पडतो. जोत्याचे आणि फरशीचे सांधे मरीन प्रकारच्या जलरोधक गोंदाने किंवा दोन नळ्यांच्या इपॉक्सीने करा. फेविक्विकसारखा झटपट गोंद दमट हवेत फार लवकर पकडतो आणि त्याची वाफ खिडकीच्या शीटवर पांढरी बसते. लक्षणांतली ती धूळ म्हणजे बुरशी नव्हे, ही वाफच. त्यामुळे खिडक्यांना कॅनोपी ग्लूसारखा पारदर्शक वाळणारा गोंद काडीने लावावा.

३. इमारत उचलून बोर्ड तपासा (एक दोरा)

कधी कधी इमारत सरळ असते आणि खालचा बोर्डच वाकलेला असतो. बोर्डच्या चारही कोपऱ्यांवर सारख्या उंचीचे ठोकळे ठेवा, दोन दोरे कर्णावर ताणा. मधे दोरे एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. त्यांच्यात फट पडली किंवा एकाने दुसऱ्याला दाबलं, तर बोर्डला पिळ आहे. अशा बोर्डवर नवी इमारत बसवली तरी तिचं एक टोक उचललेलंच राहणार.

प्लाय विकत घेताना त्यावरचा शिक्का वाचा. आयएस ३०३ या भारतीय मानकात एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दोन दर्जे येतात. एमआर हा नुसता दमट हवा सोसणारा, बीडब्ल्यूआर उकळतं पाणीही सोसणारा. मरीन प्लाय आयएस ७१० खाली येतो. किनाऱ्यावर किमान बीडब्ल्यूआर घ्या, आणि खालची बाजू व चारही कडा रंगवा. बोर्डची खालची बाजू कोरी ठेवणं ही भिंतीचीच चूक मोठ्या आकारात आहे.

बोर्ड सरळ आणि तरीही जोतं उचललेलं असेल, तर खडी आठवा. रुळांखालची खडी पातळ केलेल्या गोंदाने बसवताना पाण्यात साबणाचा थेंब टाकतात. ते पाणी सहज पसरतं आणि इमारतीच्या खालच्या कडेत चढतं. एमडीएफची कड यानेच फुगते, आणि एकदा फुगलेली कड वाळल्यावर मूळ जाडीवर येत नाही. उपाय असा : इमारत बोर्डवर थेट न चिकटवता ३ मि.मी. सनबोर्डचा (फेसाळ पीव्हीसीची पाटी) किंवा अॅक्रिलिकचा पाया बोर्डला पक्का करा आणि इमारत त्यावर नुसती बसवा. इमारत जागेवर राहावी म्हणून पायात पितळी स्क्रूची खुंटी द्या. लोखंडी वॉशर आणि चुंबक वापरले तर वॉशर गंजून जोत्यावर तांबडा डाग पडतो.

४. हवेतली ओल मोजा (काही शे रुपये)

साधा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) पुरतो, पण त्यावर आंधळा विश्वास नको. झाकणात दोन चमचे मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून जाता कामा नये. ते आणि मीटर एका झिप पिशवीत बंद करून दहा-बारा तास ठेवा. आत सुमारे ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मीटरने ७० दाखवलं तर प्रत्येक वाचनात पाच मिळवायचे.

नंतर मीटर तीन ठिकाणी ठेवा : खोलीच्या मधोमध, लेआउटच्या मागे भिंतीलगत, आणि इमारतीच्या आत. मधोमध ८० आणि भिंतीलगत ९२ असेल तर दोष हवामानाचा नाही, त्या भिंतीचा आहे. लेआउट भिंतीपासून किमान चार इंच पुढे ओढा. पश्चिमेची, पावसाचा मारा खाणारी भिंत असेल तर लेआउट दुसऱ्या भिंतीला न्या. इमारतीच्या आत बाहेरपेक्षा जास्त ओल असेल तर हवा कोंडली आहे. फरशीला आणि खालच्या बोर्डला ८ ते १० मि.मी.ची दोन भोकं पाडा, समोरासमोरच्या कोपऱ्यांत, म्हणजे हवा फिरते.

सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) उघड्या खोलीत निरुपयोगी आहे. काचेच्या बंद पेटीतल्या लेआउटला मात्र ते चांगलं. केशरी दाणे हिरवट झाले की ११० ते १२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतात.

खोली थोडी गरम ठेवण्याची जुनी युक्ती खरी आहे. २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असलेली हवा ३२ अंशांवर नेली की आर्द्रता साधारण ६७-६८ टक्क्यांवर येते, हवेतलं पाणी तेवढंच असूनही. पण त्यासाठी लेआउटखाली पिवळा बल्ब पेटवून ठेवू नका. खाली प्लाय, थर्माकोल, सुकं गवत, आणि आपण बाजारात गेलेले. इमारतीच्या आत तर फक्त एलईडी, तोही योग्य रेझिस्टर लावून.

एसीबद्दल : सलग चालणार असेल तर उत्तम. रात्री चार तास एसी आणि दिवसभर खिडक्या उघड्या, वर वीज जाणं-येणं, यापेक्षा एसी नसलेला बरा. एकसारखी दमट हवा पुठ्ठा पचवतो, रोजचं फुगणं-आकसणं त्याला सांध्यातून तोडतं.

५. आतली बाजू बंद करा (अर्धा दिवस, थोडा खर्च)

खरा उपाय हाच. पण वेळ निवडा. ऐन श्रावणात पुठ्ठा पूर्ण फुगलेला असतो. तेव्हा ताणून चिकटवलेला कोपरा डिसेंबरात आकसून पुन्हा फटतो. मे महिन्यातही नको, तेव्हा उलट घडतं. दसऱ्यानंतर दोन-तीन आठवडे कोरडे गेले की काम हाती घ्या. तोवर सुटलेला कोपरा मास्किंग टेपने धरून ठेवा, बाकी हात लावू नका.

भिंत सोडवता येत असेल तर आधी सरळ करून घ्या. दोन काचांमध्ये, दोन्ही बाजूंना कोरा कागद घालून, वर पाट्याएवढं वजन ठेवून दोन दिवस. हेअर ड्रायर मारू नका. एक बाजू आधी सुकते आणि नवा बाक येतो.

पुठ्ठ्याला चपड्याचं (लाखेचं) पातळ पॉलिश सर्वांत चांगलं, कारण ते धाग्यात शिरतं. ५० ग्रॅम चपडा ४०० मि.ली. पॉलिशच्या स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, हलवा, मलमलीतून गाळा. सपाट ब्रशने आतल्या बाजूला दोन हात, दोन्हींमध्ये किमान दोन तास. कडांना तीन हात द्या, कारण कापलेली कड पाणी सर्वांत जास्त ओढते. खिडक्यांच्या भोकांच्या कडा विसरल्या जातात. त्या विसरल्या तर बाकीचं काम अर्धं वाया.

सँडिंग सीलरही चालतो, पण त्याचं थिनर थर्माकोलच्या डोंगराला आणि पॉलिस्टायरीनच्या भागांना विरघळवतं, म्हणून भिंत लेआउटवरून काढूनच लावा. दमट दिवशी लावलात तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि पांढरी झाक येते. चपड्यालाही हा दोष लागतो. ऊन पडलेल्या दुपारी काम करा, खिडक्या उघड्या ठेवून. स्पिरिट आणि थिनर दोन्ही पेट घेतात, शेगडी-देव्हाऱ्यापासून लांब.

नव्या भिंतीवर जांभ्याच्या रेघा कोरणार असाल तर क्रम महत्त्वाचा. चिरा भागाभागांत वेगळा असतो. १४ × ९ × ७ इंचांचा धरला तर १:८७ मध्ये थराची उंची सुमारे २ मि.मी. आणि लांबी ४.१ मि.मी. येते. रेघ कोरली की पुठ्ठ्याचे धागे उघडे पडतात, म्हणजे भिंतीवर शेकडो तोंडं तयार होतात. आधी कोरा, मग सील करा, मग रंगवा. सील करून मग कोरलं तर सीलिंगचा उपयोग उरत नाही.

६. आधार आणि थर बदला (भिंत नवी करायची वेळ)

सील करूनही बाक येत असेल तर रचना चुकली आहे.

पुठ्ठ्याला धागा असतो, आणि तो धाग्याला आडवा जास्त फुगतो, उभा फार कमी. धागा ओळखायला चौरस तुकड्याची एक बाजू ओल्या बोटाने पुसा. तो ज्या रेषेभोवती नळीसारखा वळतो, ती धाग्याची दिशा. लांब भिंतीत धागा लांबीच्या दिशेने ठेवा. दोन थर चिकटवून भिंत केली आणि धागे एकमेकांना आडवे पडले, तर पिळ हमखास. थर तीन ठेवा : मधे २ मि.मी. ग्रेबोर्ड, म्हणजे जाड राखाडी पुठ्ठा (१:८७ मध्ये खऱ्या भिंतीचे सुमारे १७४ मि.मी.), दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीचं, सारख्याच धाग्याचं कार्ड. आतलं कार्ड दिसत नाही म्हणून वगळायचं नाही.

आतून उभे आधार दर ६० ते ७० मि.मी.वर द्या, ५ × ५ मि.मी.चे, अॅक्रिलिक किंवा एबीएस या कडक प्लॅस्टिकचे. कोपऱ्यात पूर्ण उंचीचा त्रिकोणी ठोकळा. बाल्सा नको, तो पुठ्ठ्यासारखाच ओल पितो. लाकूडच वापरायचं तर मुरलेल्या सागाची रीप. छताला आढ्याखाली १.५ मि.मी.ची पितळी सळी टोकापासून टोकापर्यंत चालवा, ओळ बसणार नाही. मंगळुरी कौलांची पाटी दोन्ही बाजूंनी रंगवा. वळचणीची खालची बाजू बहुतेक वेळा कोरी राहते आणि पागोळी तिथूनच वर वळते.

उंच, सडसडीत वस्तू पुठ्ठ्यात करूच नयेत. रत्नागिरीजवळच्या पानवल नदीच्या पुलाचे खांब हे अनेकांचं स्वप्न असतं. मूळ पूल ६४ मीटर उंच, म्हणजे १:८७ मध्ये जवळजवळ ७४ सें.मी. आणि १:१६० मध्ये ४० सें.मी. एवढ्या उंचीत पुठ्ठ्याचा एक टक्क्याचा तिरकेपणासुद्धा वर ७ मि.मी. होतो आणि गाडी रुळावरून उतरते. इथे अॅक्रिलिक किंवा पीव्हीसी.

प्लॅस्टिकच्या इमारती ओल पीत नाहीत, तरी वाकतात. स्टायरीनचे दोन मोठे थर सॉल्व्हंटने पूर्ण चिकटवले की सॉल्व्हंट आत अडकतो आणि कित्येक आठवडे प्लॅस्टिक मऊ ठेवतो. आतल्या थराला दर २० मि.मी.वर २ मि.मी.चं भोक पाडा आणि सॉल्व्हंट फक्त कडांना लावा.

बुरशी आणि किडे

ठिपके दिसले तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापूस ओला करून पुसा, सावलीत वाळवा, मग सील करा. रंग आधी कोपऱ्यात तपासा, काही रंग अल्कोहोलने निघतात, आणि चपडा तर निघतोच. म्हणून हे सीलच्या आधी. गव्हाच्या खळीने चिकटवलेले पोस्टर, पाट्या, छापील विटांचे कागद बुरशी, कसर आणि झुरळं तिघांनाही आवडतात. खळ वापरूच नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

लेआउटमागच्या भिंतीला हात लावला की ओला होतो, गिलावा फुगला आहे किंवा वाचन कोरड्या आठवड्यातही ९० च्या वर आहे, तर इमारती दुरुस्त करण्यात अर्थ नाही. आधी गवंडी किंवा वॉटरप्रूफिंगवाला. गळती बाहेरून बंद होते, आतून रंग लावून नाही.

त्याच भिंतीवर लेआउटचा सॉकेट असेल, हात लावल्यावर मुंग्या येत असतील, किंवा अॅडॉप्टर लावला की आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत काहीही चालू करू नका. रुळांना १२ व्होल्ट असतात, पण अॅडॉप्टरच्या मागे २३० असतात. आरसीसीबी पडते म्हणून ती काढून थेट जोडणारा इलेक्ट्रिशियन असेल तर दुसरा शोधा.

बोर्डखाली मातीच्या बारीक नळ्या दिसल्या किंवा प्लायवर टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तर वाळवी आहे. फवारा मारून ती दडते, मरत नाही. लेआउट लगेच हलवू नका, तिच्या वाटा तुटतात आणि कुठून आली ते कळत नाही. पेस्ट कंट्रोलवाल्याला जागेवर दाखवा, आणि औषधाची फवारणी इमारती उचलून घेतल्यावरच करू द्या.

दोऱ्याच्या तपासणीत बोर्डचा पिळ मीटरभर लांबीत ५ मि.मी.पेक्षा जास्त निघाला तर सुताराकडून खालचा सांगाडा नवा करून घ्या. पाचर मारून बोर्ड वरवर सरळ होतो, पण रुळांचे सांधे उघडतात, आणि मग इमारतींपेक्षा मोठं काम निघतं.